एका कॉम्प्युटरवर तिघांचं लॉगिन आणि क्लाउडमधला सामायिक फोल्डर

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या ऑफिसात बहुतेक ठिकाणी एकच कॉम्प्युटर असतो. त्यावर सचिवांचं एक लॉगिन, खजिनदारांचं दुसरं आणि पगारी व्यवस्थापकाचं तिसरं. सभांची इतिवृत्तं, देखभाल शुल्काची बिलं, सभासदांची ‘आय’ नोंदवही, ‘जे’ यादी, लेखापरीक्षकाला द्यायचे तक्ते असं सगळं दप्तर गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सवरच्या एका सामायिक फोल्डरमध्ये ठेवलेलं असतं. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची असते, ताळेबंद छापायला द्यायचा असतो आणि नेमकी तेव्हाच खजिनदारांनी काल रात्री सेव्ह केलेली फाइल सचिवांच्या लॉगिनमध्ये दिसत नाही. कधी दिसते, पण उघडत नाही. कधी एका फाइलच्या दोन झालेल्या असतात आणि त्यातली खरी कोणती हे कोणालाच सांगता येत नाही.

अशा वेळी इंटरनेटवर खापर फुटतं. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला जातो, शेवटी कोणीतरी पेनड्राइव्हवर फाइल आणून देतो आणि प्रश्न तसाच राहतो. खरं तर या तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत, ती ओळखता येतात आणि बहुतेक वेळा बाहेरचा तंत्रज्ञ न बोलावता दुरुस्तही करता येतात. हीच गोष्ट दवाखान्याला, शाळेच्या कार्यालयाला आणि आईवडील-मुलं मिळून एकच कॉम्प्युटर वापरणाऱ्या घरालाही लागू आहे. सोसायटीचं उदाहरण घेतलं ते एवढ्यासाठी, की तिथे माणसं बदलतात, पण दप्तर मात्र वर्षानुवर्षं टिकवावं लागतं.

दोन खाती, दोन वेगळे मालक

सगळ्या गोंधळाच्या मुळाशी एक गोष्ट आहे. कॉम्प्युटरचं खातं आणि क्लाउडचं खातं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विंडोजमध्ये तुम्ही ज्या नावाने आत शिरता ते कॉम्प्युटरचं खातं. त्या नावाचा एक फोल्डर सी ड्राइव्हवरच्या ‘युजर्स’ या फोल्डरमध्ये असतो. तुमचा डेस्कटॉप, तुमचे डॉक्युमेंट्स, तुमचे डाउनलोड्स सगळे त्यात असतात आणि दुसऱ्या लॉगिनच्या माणसाला ते सहजासहजी उघडता येत नाहीत. म्हणून “मी फाइल डेस्कटॉपवर ठेवली आहे” असा निरोप या कॉम्प्युटरवर निरुपयोगी ठरतो. प्रत्येकाचा डेस्कटॉप वेगळा असतो.

क्लाउडचं खातं म्हणजे जीमेलचा किंवा मायक्रोसॉफ्टचा ईमेल पत्ता आणि त्याचा पासवर्ड. या खात्यातल्या फाइली कंपनीच्या सर्व्हरवर असतात. सर्व्हर आणि तुमची हार्ड डिस्क यांचा मेळ घालणारा जो छोटा प्रोग्राम घड्याळाशेजारच्या कोपऱ्यात बसलेला असतो, त्याला आपण सिंक ॲप म्हणू. हे ॲप कॉम्प्युटरसाठी एकदाच चालत नाही, प्रत्येक लॉगिनसाठी स्वतंत्र चालतं. कॉम्प्युटरवर ते एकदा बसवलं, तरी प्रत्येकाने आपापल्या लॉगिनमधून एकदा साइन इन करावं लागतं. एकाने केलं म्हणजे सगळ्यांचं झालं, असं होत नाही.

यात आणखी एक बारकावा आहे, तो फार लोकांच्या लक्षात येत नाही. विंडोजमध्ये ‘साइन आउट’ केलं की त्या लॉगिनचे सगळे प्रोग्राम बंद होतात, सिंक ॲपही बंद होतं. पण ‘स्विच युजर’ करून दुसऱ्याने लॉगिन केलं, तर पहिल्याचे प्रोग्राम पडद्याआड चालूच राहतात. म्हणजे समोर सचिव बसलेले असतानाही खजिनदारांचं ॲप फाइली वर चढवत असू शकतं, तेही खजिनदार घरी गेल्यानंतर.

सगळ्यात महागात पडणारी मांडणी

जागा वाचावी आणि सगळ्यांना एकच फोल्डर दिसावा, म्हणून पुष्कळ ठिकाणी डी ड्राइव्हवर ‘सोसायटी’ नावाचा फोल्डर करतात आणि प्रत्येक लॉगिनमधलं सिंक ॲप त्याच एका फोल्डरला जोडून देतात. पहिले काही दिवस सगळं सुरळीत चालल्यासारखं वाटतं. माझं स्पष्ट मत आहे, की ही मांडणी कुठेही, कोणत्याही कारणाने ठेवू नये.

कारण असं आहे. सिंक ॲप फाइली नुसत्या चढवत-उतरवत नाही. कोणती फाइल शेवटची कधी बदलली, कोणती सर्व्हरवर पोचली, कोणती पुसली गेली याची स्वतःची एक नोंद ते ठेवतं. एकाच कोठारावर दोन कारकून बसवले, दोघांना वेगवेगळी वही दिली आणि एकमेकांशी बोलायचं नाही असं सांगितलं, तर जे होईल तेच इथे होतं. खजिनदारांच्या ॲपने सर्व्हरवरून एक फाइल खाली आणली, तर सचिवांच्या ॲपला वाटतं की कोणीतरी इथे नवी फाइल आणून ठेवली. ते ती पुन्हा वर चढवतं. एक ॲप फाइल अर्धी उतरवत असताना दुसरं तीच अर्धी फाइल वाचू पाहतं. एका लॉगिनमध्ये जुनी झालेली नोंद कामाला आली, की पुसलेल्या फाइली परत अवतरतात किंवा जिवंत फाइली पुसल्या जातात. दोन लॉगिनमध्ये दोन वेगळी क्लाउड खाती असतील, तर तोच फोल्डर दोन्हीकडे चढतो, दोन्हीकडची जागा व्यापतो आणि एका बाजूने केलेली खोडाखोड दुसऱ्या बाजूला जाऊन उमटते.

तुमच्याकडे अशी मांडणी असेल तर आधी ती मोडायची आहे. पण घाईने नाही. ती कशी मोडायची ते पुढे सांगतो.

हात लावण्याआधी

दुरुस्तीला बसण्यापूर्वी प्रत्येक लॉगिनमध्ये जाऊन सिंक ॲप थांबवा. तिन्ही सेवांमध्ये ‘पॉज’ची सोय आहे. मग संपूर्ण फोल्डरची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून ठेवा. सिंक केलेला फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. इथे पुसलेलं तिथेही पुसलं जातं, हेच तर सिंकचं काम आहे.

प्रत घेताना दोन ठिकाणी फसगत होते. पहिलं म्हणजे गूगल डॉक्स आणि गूगल शीट्सच्या फाइली. कॉम्प्युटरवर त्या फाइलीसारख्या दिसतात, पण त्यांत मजकूर नसतो, फक्त पत्ता असतो. पेनड्राइव्हवर कॉपी केल्या तर पत्ताच कॉपी होतो. त्यांची खरी प्रत हवी असेल तर ब्राउझरमध्ये ड्राइव्ह उघडून फोल्डर डाउनलोड करा. तसं केल्यावर त्या वर्ड-एक्सेलच्या रूपात उतरतात. दुसरं म्हणजे ज्या फाइलींवर ढगाचं चिन्ह आहे, त्या हार्ड डिस्कवर नसतातच. त्या कॉपी करायच्या तर ज्याच्या खात्यातून त्या आल्या त्याच्याच लॉगिनमधून आणि ॲप चालू असतानाच उतरवून घ्याव्या लागतात. अशा फाइली असतील, तर पॉज करण्याआधीच त्या उतरवून घ्या.

ब्राउझर काय सांगतो ते पाहा

आता निदान. कोणत्याही तक्रारीत पहिली कृती एकच ठेवा. ब्राउझर उघडा, क्लाउडच्या खात्यात साइन इन करा आणि हवी ती फाइल तिथे आहे का ते पाहा. मोबाइलवर पाहिलं तरी चालेल. या एका कृतीने अर्धा प्रश्न सुटतो. फाइल ब्राउझरमध्ये नसेल, तर ती कधी वर चढलीच नाही आणि दोष सेव्ह करणाऱ्याच्या लॉगिनमध्ये आहे. ब्राउझरमध्ये असेल, तर ती सुखरूप आहे आणि दोष पाहणाऱ्याच्या लॉगिनमध्ये आहे. चुकीच्या लॉगिनमध्ये बसून तासन्‌तास खटपट करणारे लोक मी पाहिले आहेत. ही दोन मिनिटांची तपासणी त्यांचा सगळा वेळ वाचवू शकली असती.

फाइल वर चढली नसेल, तर सेव्ह करणाऱ्याच्या लॉगिनमध्ये जा आणि कोपऱ्यातल्या सिंक ॲपवर क्लिक करा. ॲपच दिसत नसेल तर ते चालू नाही. पासवर्ड बदलल्यामुळे साइन आउट झालेलं असेल, तर तसं लिहिलेलं दिसेल. जागा भरली हेही अगदी नेहमीचं कारण आहे. गूगल फुकटात १५ जीबी देतं, पण त्यात जीमेल आणि फोटोही मोजले जातात. वनड्राइव्ह ५ जीबी आणि ड्रॉपबॉक्स २ जीबी. सोसायटीच्या सीसीटीव्हीची एखादी मोठी क्लिप किंवा इमारतीच्या नकाशांचे स्कॅन टाकले, की ड्रॉपबॉक्सचे २ जीबी सहज संपतात आणि मग नंतरच्या लहानशा फाइलीही खोळंबतात.

आणखी एक साधं कारण म्हणजे घाईने बंद केलेला कॉम्प्युटर. रात्री सेव्ह केलं, लगेच साइन आउट केलं, ॲपला फाइल चढवायला वेळच मिळाला नाही. पुन्हा त्याच माणसाने लॉगिन केल्याशिवाय ती चढणार नाही. व्यवस्थापकाने दिवसभर आपल्या लॉगिनमध्ये काम केलं तरी खजिनदारांची फाइल हलत नाही, ती त्यांची वाट पाहत तशीच पडून राहते.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरविषयी इथेच सांगायला हवं. टॅलीसारख्या प्रोग्रामचा चालू डेटा सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नका. तो डेटा म्हणजे एक फाइल नसते. एकमेकींवर अवलंबून असलेल्या अनेक फाइली असतात आणि काम चालू असताना त्या सतत लिहिल्या जातात. सिंक ॲपने त्यातल्या काही आत्ताच्या, काही मघाच्या अशा उचलल्या तर वर जे पोचतं ते कामाचं नसतं आणि ते परत खाली उतरलं तर चालू हिशेबही बिघडू शकतो. डेटा सिंकच्या बाहेर ठेवा आणि काम संपल्यावर त्या सॉफ्टवेअरमधून बॅकअप घेऊन तेवढी बॅकअपची फाइल सामायिक फोल्डरमध्ये टाका. आउटलुकच्या मेलपेट्यांच्या फाइलींनाही हाच नियम लागू आहे.

नावांचंही पाहा. ठरावाच्या क्रमांकात आपण सर्रास तिरकी रेघ घालतो. विंडोज फाइलच्या नावात तिरकी रेघ, विसर्गासारखं दिसणारं कोलन, प्रश्नचिन्ह, तारा ही चिन्हं चालू देत नाही. ब्राउझरमध्ये किंवा मॅकवर असं नाव देता येतं आणि मग तीच फाइल विंडोजवर अडते किंवा वेगळ्या नावाने उतरते. तिरक्या रेघेऐवजी आडवी रेघ वापरण्याची सवय लावून घ्या. देवनागरी नावं द्यायला काहीच हरकत नाही, फक्त ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’ असलेल्या नावांकडे लक्ष ठेवा. डोळ्यांना तंतोतंत सारखा दिसणारा तो अर्धा ‘र’ वेगवेगळ्या कीबोर्डांवर वेगवेगळ्या संकेतांनी टाइप होतो. त्यामुळे ‘कुऱ्हाडे’ आडनावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी तयार होतात आणि शोधताना एकच सापडतो. अशा नावाचा फोल्डर एकाने करावा, बाकीच्यांनी तोच वापरावा.

वर आहे, पण इथे दिसत नाही

फाइल ब्राउझरमध्ये आहे, पण सचिवांच्या लॉगिनमधल्या फोल्डरमध्ये नाही. आधी पाहा की या लॉगिनमधलं ॲप नेमकं कोणत्या ईमेलने साइन इन झालेलं आहे. सचिवांच्या खाजगी जीमेलने ॲप चालू आहे आणि फोल्डर मात्र सोसायटीच्या पत्त्याबरोबर शेअर केलेला आहे, असं वारंवार आढळतं. गूगलचं डेस्कटॉप ॲप एका लॉगिनमध्ये चार खाती चालवू शकतं, म्हणून खाजगी खातं काढायची गरज नाही. सोसायटीचं खातं त्यात जोडा.

गूगल ड्राइव्हमध्ये दुसऱ्याने शेअर केलेला फोल्डर ब्राउझरमधल्या ‘शेअर्ड विथ मी’ या भागात दिसतो. हा भाग डेस्कटॉप ॲपमध्ये येत नाही. तो फोल्डर कॉम्प्युटरवर दिसायला हवा असेल तर ब्राउझरमध्ये त्यावर राइट-क्लिक करून त्याचा शॉर्टकट ‘माय ड्राइव्ह’मध्ये ठेवावा लागतो. वनड्राइव्हमध्येही तसंच, ‘ॲड शॉर्टकट टू माय फाइल्स’ हा पर्याय निवडावा लागतो. शेअर केलं, ईमेल आली, लिंक उघडली, तरी फोल्डर कॉम्प्युटरवर आला नाही, या तक्रारीचं उत्तर जवळजवळ नेहमी इतकंच असतं. ड्रॉपबॉक्समध्ये शेअर केलेला फोल्डर आधी स्वीकारावा लागतो, शिवाय काही फोल्डर सिंकमधून वगळण्याची सोय आहे. कोणीतरी जागा वाचवायला तो वगळलेला असू शकतो.

दिसते, पण उघडत नाही

हा प्रकार सर्वांत गोंधळात टाकणारा आहे. पहिली शक्यता म्हणजे फाइल नावालाच तिथे आहे. वनड्राइव्हमध्ये निळ्या ढगाचं चिन्ह म्हणजे फाइल सर्व्हरवर आहे, इथे फक्त तिची पाटी आहे. पांढऱ्या वर्तुळातली हिरवी खूण म्हणजे ती सध्या डिस्कवर उतरलेली आहे. भरीव हिरव्या वर्तुळातली पांढरी खूण म्हणजे ती कायम डिस्कवर ठेवायची असं तुम्ही सांगितलेलं आहे. ढगाची फाइल उघडताना ती खाली आणण्याचं काम त्या लॉगिनचं ॲप करतं. ते ॲप चालू नसेल तर विंडोज ‘द क्लाउड फाइल प्रोव्हायडर इज नॉट रनिंग’ असा संदेश देतं. एका लॉगिनमधून दुसऱ्याच्या वनड्राइव्ह फोल्डरमध्ये शिरून फाइल उघडायला गेलात तर नेमकी हीच अडचण येते. आपल्या लॉगिनमध्ये हा संदेश आला तर ॲप चालू करा. दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये आला तर तिथून बाहेर या आणि फाइल शेअर करून घ्या.

दुसरी शक्यता परवानगीची. ‘ॲक्सेस डिनाइड’ असं दिसलं तर विंडोजनेच अडवलेलं आहे, यात क्लाउडचा संबंध नाही. इथे एक गमतीदार वाटणारा पण फार उपयोगी नियम आहे. फाइल एका जागेवरून दुसऱ्या जागी कॉपी केली, तर ती नव्या जागेच्या परवानग्या घेते. त्याच ड्राइव्हवर कट करून पेस्ट केली, तर सहसा जुन्या परवानग्या बरोबर घेऊन जाते. म्हणून खजिनदारांनी आपल्या डॉक्युमेंट्समधून सगळ्यांसाठीच्या ‘पब्लिक’ फोल्डरमध्ये कट-पेस्टने हलवलेली फाइल व्यवस्थापकाला दिसते, पण उघडत नाही. उपाय सोपा आहे. खजिनदारांनी ती कॉपी करावी, नवी प्रत दुसऱ्या लॉगिनमधून उघडते याची खात्री करावी आणि मग मूळची पुसावी.

दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये शिरताना विंडोज विचारतं, की परवानगी नाही, ‘कंटिन्यू’ दाबून ती कायमची मिळवायची का? ॲडमिनिस्ट्रेटरचं लॉगिन असेल तर ते दाबलं की दार उघडतं. कृपया दाबू नका. ती परवानगी त्या एका वेळेपुरती नसते, तुमचं नाव त्या माणसाच्या खाजगी फोल्डरवर कायमचं नोंदवलं जातं. त्याहून वाईट म्हणजे फोल्डरची मालकीच आपल्या नावावर करून घेणं. युट्यूबवर हा उपाय सर्रास सांगितला जातो. त्यानंतर मूळ माणसाचं सिंक ॲप स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहू शकत नाही आणि जी अडचण एका फाइलपुरती होती ती संपूर्ण खात्याची होते.

मॅक वापरत असाल तर तिथेही ‘युजर्स’मध्ये ‘शेअर्ड’ नावाचा फोल्डर आहे. त्यात एकाने ठेवलेली फाइल दुसऱ्याला वाचता येते, पण सहसा बदलता येत नाही. तीही परवानगीचीच बाब आहे.

एकीच्या दोन झाल्या

दोघांनी एकच फाइल थोड्या अंतराने बदलली आणि मध्ये सिंक झालं नाही, तर ॲप कोणाचंच काम पुसत नाही, दोन्ही प्रती ठेवतं. ड्रॉपबॉक्स नावात ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ आणि तारीख घालतं. वनड्राइव्ह कॉम्प्युटरचं नाव जोडतं. आपल्या बाबतीत कॉम्प्युटर एकच असल्यामुळे त्या नावावरून ही प्रत कोणाची हे कळत नाही. दोन्ही फाइली उघडून, शेजारी ठेवून, ओळीओळीने ताडून पाहण्याला पर्याय नाही. तारीख नवी म्हणून एक ठेवून दुसरी पुसू नका. नव्या तारखेच्या फाइलमध्ये जुनी आकडेवारी असू शकते.

चुकून ओव्हरराइट झालेली फाइल जुन्या आवृत्तीतून परत मिळते. ब्राउझरमध्ये फाइलवर राइट-क्लिक केलं की ‘व्हर्जन’चा पर्याय दिसतो. गूगल ड्राइव्ह वर्ड, एक्सेल, पीडीएफ अशा फाइलींच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस किंवा १०० आवृत्त्या होईपर्यंत ठेवतं. एखादी आवृत्ती कायम ठेवायची असेल तर तशी खूण करता येते. लेखापरीक्षण झालेल्या ताळेबंदावर ती खूण जरूर करा.

हा प्रश्न मुळातून मिटवायचा असेल, तर तिघांनी हाताळायचा तक्ता गूगल शीट्समध्ये किंवा एक्सेलच्या ऑनलाइन आवृत्तीत करावा. तिथे एकच प्रत असते, दोघं एकाच वेळी लिहू शकतात आणि कोणी काय बदललं तेही दिसतं. देखभाल शुल्काच्या वसुलीच्या यादीसाठी यापेक्षा चांगली सोय मला माहीत नाही.

मग मांडणी कशी असावी

प्रत्येक लॉगिनमध्ये प्रत्येकाचं स्वतःचं क्लाउड खातं, त्याचा सिंक फोल्डर त्याच्याच युजर फोल्डरमध्ये, आणि वाटणी फक्त क्लाउडवर. सोसायटीच्या खात्यातला एक फोल्डर तिघांना शेअर केलेला असेल. एकच फाइल तीनदा उतरून डिस्क भरेल ही भीती रास्त आहे. म्हणून गूगल ड्राइव्हमध्ये ‘मिरर’ऐवजी ‘स्ट्रीम’ निवडा आणि वनड्राइव्हमध्ये ‘फाइल्स ऑन-डिमांड’ चालू ठेवा. मग उघडलेल्या फाइलीच तेवढ्या डिस्कवर येतात.

इंटरनेट वरचेवर जात असेल तर दुसरी मांडणी सोयीची पडते. व्यवस्थापकाच्या एकाच लॉगिनमध्ये सिंक ॲप चालवायचं आणि त्याचा सिंक फोल्डर डी ड्राइव्हवर ठेवायचा. त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधल्या सिक्युरिटी टॅबमध्ये ‘युजर्स’ या गटाला ‘मॉडिफाय’ची परवानगी द्यायची, सगळ्या फाइली कायम डिस्कवर ठेवायच्या आणि इतरांनी तिथेच काम करायचं. यात सिंक करणारं ॲप एकच असल्यामुळे भांडण होत नाही. मर्यादा अशी, की व्यवस्थापकाचं लॉगिन चालू नसेल तेव्हा काहीच वर चढत नाही. त्याने आठवडाभर रजा घेतली तर आठवडाभर क्लाउड शिळा राहतो.

तिन्ही लॉगिनमध्ये सोसायटीचं एकच क्लाउड खातं, पण वेगवेगळ्या फोल्डरमध्ये, हेही तांत्रिकदृष्ट्या चालतं. मला ते पसंत नाही. पासवर्ड तिघांच्या हाती राहतो आणि फाइल कोणी पुसली याच्या नोंदीत एकच नाव दिसतं.

जुनी एकत्र मांडणी मोडताना क्रम पाळा. वर सांगितल्याप्रमाणे सगळी ॲप थांबलेली, प्रत बाहेर काढलेली, ब्राउझरमध्ये फाइली तपासलेल्या. मग एकेका लॉगिनमध्ये जाऊन ॲपचा संबंध तोडा. वनड्राइव्हमध्ये ‘अनलिंक धिस पीसी’, गूगलमध्ये ‘डिस्कनेक्ट अकाउंट’. संबंध तोडण्यापूर्वी एकही फाइल पुसू नका. जोडलेल्या फोल्डरमधून पुसलेलं सर्व्हरवरूनही जातं आणि तिघांकडून जातं. सगळे संबंध तुटल्यावर डी ड्राइव्हवरच्या जुन्या फोल्डरचं नाव बदलून ठेवा. मग प्रत्येकाने आपापल्या लॉगिनमध्ये नव्याने साइन इन करावं आणि ॲपने सुचवलेली मूळ जागाच स्वीकारावी. काही पुसलं गेलंच तर घाबरू नका. गूगल ड्राइव्ह आणि वैयक्तिक वनड्राइव्हची कचरापेटी ३० दिवस फाइली राखते, ड्रॉपबॉक्सच्या फुकट खात्यातही ३० दिवस मिळतात. फक्त पाहायचं ते फाइलच्या मालकाच्या कचरापेटीत.

मालक कोण, हे आजच ठरवा

गूगल ड्राइव्हच्या साध्या खात्यात शेअर केलेल्या फोल्डरमध्ये जो फाइल टाकतो तो तिचा मालक राहतो आणि जागाही त्याच्याच खात्यातून जाते. वनड्राइव्हमध्ये जागा फोल्डरच्या मालकाची खर्च होते, तर ड्रॉपबॉक्समध्ये शेअर केलेला फोल्डर प्रत्येक सदस्याच्या जागेत मोजला जातो. सोसायटीत दर पाच वर्षांनी समिती बदलते. मावळत्या सचिवांनी आपल्या खाजगी जीमेलमधून टाकलेली पाच वर्षांची इतिवृत्तं त्यांच्याच मालकीची असतात. त्यांनी खातं बंद केलं तर ती जातात. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं.

म्हणून सोसायटीच्या नावाचा स्वतंत्र ईमेल पत्ता असावा आणि अंतिम झालेली कागदपत्रं त्याच्याच मालकीची असावीत. गूगलमध्ये मालकी हस्तांतरित करता येते, पण समोरच्याने ती स्वीकारावी लागते. पदभार सोपवताना किल्ल्या आणि शिक्क्यांच्या यादीत या खात्याचा पासवर्ड, पडताळणीचा मोबाइल क्रमांक आणि पर्यायी ईमेलही लिहा. मोबाइल क्रमांक जुन्या सचिवांचाच राहिला तर नव्या समितीला आत जाता येत नाही, आणि हे पहिल्याच दिवशी कळतं असंही नाही. सभासदांचे आधार आणि वारसनोंदीचे स्कॅन असलेला फोल्डर लिंक असलेल्या कोणालाही उघडेल असा ठेवू नका. नावं घालून शेअर करा आणि ज्यांना फक्त पाहायचं आहे त्यांना ‘व्ह्यूअर’ ठेवा.

सगळं जमल्यावर एक चाचणी घ्या. खजिनदारांच्या लॉगिनमधून सामायिक फोल्डरमध्ये एक छोटी फाइल करा, कोपऱ्यातलं ॲप काम संपल्याचं सांगेपर्यंत थांबा आणि साइन आउट करा, ‘स्विच युजर’ नको. सचिवांच्या लॉगिनमध्ये ती उघडून एक ओळ वाढवा. व्यवस्थापकाच्या लॉगिनमध्ये ती ओळ दिसते का पाहा, मग फाइल पुसा. शेवटी सोसायटीच्या खात्याने ब्राउझरमध्ये साइन इन करा. फाइल फोल्डरमधून गेली आहे का आणि कोणाच्या कचरापेटीत सापडते ते तपासा, तिथून ती परत आणा आणि तिघांच्याही फोल्डरमध्ये आल्याची खात्री करा. यातली एखादी पायरी अडली, तर फाइल वर न चढणं, वर असून न दिसणं, दिसून न उघडणं आणि एकीच्या दोन होणं या वर सांगितलेल्या चारांपैकी नेमकी कोणती अडचण उरली आहे ते तुम्हाला तिथेच कळेल.